नुसत्या नावाची हाक

१

काचकारखान्याच्या मालकाची थोरली लेक पंज्याच्या पिंजऱ्यात चिरडलेली सापडली, तेव्हा पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं. दार उघडं असताना पंजा हलूच शकत नाही, अशी मशीनची रचना होती. तरी तो हलला होता.

पंजा म्हणजे पुरुषभर उंचीच्या काचा उचलून रचणारा यांत्रिक हात. त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा आणि पिंजऱ्याला एकच दार. त्या सकाळी कारखान्यात मोठे पाहुणे यायचे होते. घरचा जावई, म्हणजे लेकीचा नवरा, त्यांना आपली आवडती करामत दाखवणार होता. पंजा भरधाव चालू असताना दार उघडायचं, की तो जागच्या जागी थिजतो. पाहुण्यांच्या नजरेस कचरा पडायला नको, म्हणून लेक आत सांडलेल्या काचा वेचायला गेली. दार उघडून, नेहमीसारखी निर्धास्त. ती वाकली आणि पंजा काचेसकट तिच्या पाठीवर उतरला.

ती लगेच गेली नाही. बराच वेळ शुद्धीवर होती.

पोलिसांच्या तज्ज्ञांनी मशीन तपासलं. त्यांनी पुन्हा पुन्हा दार उघडून पाहिलं आणि पंजा दर वेळी शहाण्यासारखा थांबला. प्रोग्राममध्ये चूक नव्हती. मग त्या सकाळपुरती कुणीतरी चूक घालून परत काढली असणार. दारावर लक्ष ठेवणारा भाग, ‘पहारा’ नावाची फाइल, कंप्युटरवर कुलूपबंद जागेत होती आणि तिचा पासवर्ड एकट्या जावयाकडे होता. अपघात झाल्यावर थोड्याच वेळात त्याने ती जागा उघडल्याची नोंदही निघाली. त्यात नवराबायकोचं आदल्या आठवड्यातलं कडाक्याचं भांडण मेव्हण्याने, म्हणजे लेकीच्या धाकट्या भावाने, पोलिसांना सांगितलं. जावयाला अटक झाली आणि त्याची छोटी मुलगी ठकू आजोळी गेली.

जावयाच्या वकिलाने मग कात्रीबाईंना बोलावलं.

कात्रीबाई आयुष्यभर कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवून निवृत्त झालेल्या. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, कारण पोराने महिनाभर खपून केलेलं काम त्या दोन वाक्यांत कापून हातात द्यायच्या. त्यांना ते नाव ठाऊक होतं आणि आवडायचंही. गुडघे गेलेले, त्यामुळे कुठेही गेल्या की आधी खुर्ची मागायच्या.

‘‘हा मनुष्य निर्दोष आहे असं तुम्हाला वाटतं का?’’ वकिलाने विचारलं.

‘‘मला काही वाटत नाही. मला त्याची डिस्क द्या.’’

२

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत जावई समोर येऊन बसला, तो दाढी वाढलेला आणि नजर टेबलावर खिळलेली. कात्रीबाईंनी सांत्वनाचा शब्द काढला नाही.

‘‘बायको आत मरत होती आणि तुम्ही पासवर्ड घालून फाइल उघडत होता. का?’’

त्याने मान वर केली. ‘‘तिला रुग्णवाहिकेत घातल्यावर. मला आत बसू दिलं नाही. मग मी काय करणार होतो? माझा पहारा का बोलला नाही, ते बघायला गेलो.’’

‘‘काय दिसलं?’’

‘‘काही नाही. जसाच्या तसा होता.’’

‘‘मशीनचा प्रोग्राम कसा रचलाय ते सांगा. मला सगळं कळतं म्हणून गाळू नका काही.’’

बोलता बोलता त्याचा आवाज जरा माणसात आला. मशीनचा मूळ प्रोग्राम सासऱ्यांनी लिहिलेला. कारखाना त्यांनीच, आप्पांनी, उभारला आणि पहिला प्रोग्रामही त्यांचाच, स्वतः शिकून लिहिलेला. पण सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये कोंबलेल्या. वजनाची फाइल, वेगाची, दाराची, सगळ्या एकावर एक. जावयाने घरात पाऊल ठेवल्यावर ती पसाऱ्याची खोली आवरली. एका कामाचं एक मॉड्यूल, म्हणजे एक फाइल केली. एका जातीची मॉड्यूलं एका पॅकेजमध्ये, म्हणजे आपापल्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली. दाराचा पहारा ‘सुरक्षा’ नावाच्या पॅकेजमध्ये गेला आणि त्या पॅकेजला कुलूप लागलं.

‘‘मग मुख्य फाइल त्याला बोलावते कशी? पूर्ण पत्त्यानिशी? सुरक्षा पॅकेजमधला पहारा, अशी?’’

जावयाची नजर पुन्हा टेबलावर गेली.

‘‘मी विचारलं काहीतरी.’’

‘‘नाही. मुख्य फाइल आप्पांचीच ठेवलीय, अक्षरही न बदलता. ती जुन्या पद्धतीने नुसतं ‘पहारा’ म्हणते. तेवढ्या हाकेला पॅकेजमधला पहारा यावा, अशी मी मागून सोय केली होती.’’

‘‘ही नुसत्या नावाची हाक का ठेवलीत? पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा ठेवणार नाही.’’

‘‘त्यावरूनच भांडलो होतो आम्ही.’’ त्याने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. ‘‘मला ती फाइल बदलायची होती. ती म्हणाली, राहू दे ना. आप्पांचं आता तेवढंच उरलंय इथे. त्यांना किती लागेल. मी ओरडलो. मग ती रडली आणि मी म्हटलं, बरं, राहू दे.’’

बाहेर आल्यावर वकील म्हणाला, ‘‘यातून आपल्याला काही मिळालं का?’’

‘‘मिळालं. तुमचा अशील मूर्ख आहे,’’ कात्रीबाई म्हणाल्या. ‘‘आणि अपघाताआधी कुलूप कुणी उघडलंच नव्हतं.’’

३

वकिलाच्या ऑफिसात डिस्कची नक्कल पडद्यावर उघडून त्यांनी वकिलाला शेजारी बसवलं.

‘‘एका घरात एकाच नावाचे दोघं असले आणि तुम्ही नुसतं नाव घेऊन हाक मारलीत, तर ओ कोण देतो?’’

‘‘जो जवळ असेल तो.’’

‘‘इथेही तसंच. मुख्य फाइलने ‘पहारा’ म्हटलं की कंप्युटर आधी तिच्याच फोल्डरमध्ये बघतो. तिथे नसेल तरच पुढे पॅकेजच्या सोयीकडे जातो. आता समजा, कुणी मुख्य फाइलच्या शेजारी पहारा नावाची दुसरी फाइल आणून ठेवली. काहीही विचारा, ती एकच उत्तर देते, की दार बंद आहे. खरा पहारा कुलपात जागा राहील, पण त्याला हाक पोचणारच नाही.’’

‘‘पण शेजारी तशी फाइल नाहीये. पोलिसांनी तो फोल्डर पाहिलाय. मुख्य फाइल एकटीच आहे.’’

‘‘पुसली असेल. पण कंप्युटर कुठलंही मॉड्यूल वाचतो तेव्हा ते आपल्या भाषेत उतरवून घेतो, आणि पुढच्या वेळचे कष्ट वाचावेत म्हणून ती प्रत ठेवून देतो. प्रत कुठे ठेवतो माहितीये? तिथेच, आतल्या एका छोट्या उपफोल्डरमध्ये. मूळ फाइल पुसली की ही प्रत चालत नाही, नुसती पडून राहते. बहुतेक लोक ढुंकूनही बघत नाहीत तिकडे.’’

त्यांनी तो उपफोल्डर उघडला.

आत एकच गोष्ट होती. पहारा नावाच्या फाइलची उतरवून घेतलेली प्रत. जिथे पहारा कधी असायलाच नको होता, तिथे. प्रतीत मूळ फाइलची तारीख नोंदलेली होती, अपघाताच्या आदल्या दिवसाची. आतला मजकूर उलगडला तर तो इवलासा निघाला. प्रश्न कोणताही असो, उत्तर एकच: दार बंद.

वकील खुर्चीवरून उठलाच. ‘‘म्हणजे खून!’’

‘‘बसा. अजून अर्धंच झालंय. सरकारी वकील म्हणेल, हेही जावयानेच केलं. कुणी केलं ते मला त्या घरात जाऊन बघायला हवं. आणि ही प्रत सापडल्याचं तुम्ही बायकोलासुद्धा सांगायचं नाही.’’

४

कारखान्याच्या ऑफिसात धाकटा भेटला. मयत लेकीचा भाऊ. विक्री तो बघायचा आणि जावयाचं नाव निघालं की त्याच्या कपाळावरची शीर उडायची.

‘‘आदल्या दिवशी तुम्ही कंप्युटरच्या खोलीत होता,’’ कात्रीबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या.

‘‘पाहुण्यांच्या स्वागताचा फलक छापत होतो. का? तोही गुन्हा का?’’

‘‘मेव्हणा तुम्हाला आवडत नाही.’’

‘‘नाहीच आवडत. बापाच्या कारखान्यात आला आणि बापालाच कोपऱ्यात बसवलं त्याने. पण ताई माझी बहीण होती.’’ एवढं बोलून तो आणखीच चिडला. ‘‘तुमचं काय जातंय? पैसे घेऊन खुन्याला सोडवायला आलात.’’

‘‘एक सांगा. प्रोग्रामची फाइल चालवली की तिची उतरवलेली प्रत कुठे पडते?’’

‘‘कसली प्रत? फलकाची?’’

‘‘राहू द्या. अपघात झाला तेव्हा कुठे होता?’’

‘‘फाटकावर, पाहुण्यांना उतरवून घेत होतो. त्यांनाच विचारा. मी आत पोचेपर्यंत तिला बाहेर काढलं होतं.’’

फोरमनला त्यांनी पंज्यापाशीच गाठलं. पिंजरा आता बंद होता आणि जमीन धुऊन काढलेली. फोरमन आडव्या हाडाचा माणूस. पंजा बसवल्यावर त्याच्या सख्ख्या भावाचं काम गेलं होतं, तो राग त्याने लपवला नाही.

‘‘मशीन मीच चालू केलं होतं. रोज मीच करतो. हिरवं बटण दाबायचं, बाकी मला काही कळत नाही,’’ तो म्हणाला.

‘‘प्रतीबद्दल?’’

‘‘कशाबद्दल?’’

‘‘सोडा. किंकाळी ऐकल्यावर तुम्ही काय केलंत?’’

‘‘आधी लाल बटण. त्याने पंज्याची वीज तुटते. पंजा थांबला. मग मी आत धावलो. काच पाठीत घुसली होती, हात लावायची सोय नव्हती. मी ताईंचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. गाडी येईपर्यंत हललो नाही, हे सगळ्यांनी बघितलंय.’’

‘‘मग कोण आलं?’’

‘‘आप्पा. ऑफिसच्या दारापर्यंत धावत आले. तिथूनच त्यांनी बघितलं आणि कंप्युटरकडे पळाले, मशीन थांबवायला.’’

कात्रीबाईंनी पेन खाली ठेवलं.

‘‘मशीन तर तुम्ही थांबवलं होतं.’’

‘‘हो, पण त्यांना काय माहीत. घाबरला होता म्हातारा.’’

‘‘पंजा हलत होता का तेव्हा?’’

‘‘छे. मेल्यासारखा लोंबत होता.’’ फोरमन घुटमळला. ‘‘ताईंनी त्यांना हाक मारली होती. आप्पा, आप्पा, असं दोनदा. आवाज फार क्षीण होता. त्यांना ऐकू गेलं नसेल.’’

५

घरी गेल्या तेव्हा दार माईंनी उघडलं, लेकीच्या आईने. आत ठकू जमिनीवर पालथी पडून खडूने रंगवत होती. ‘‘तुझ्या बाबांनी तुला विचारलंय,’’ असं कात्रीबाईंनी म्हणताच पोरीने खडू गोळा केले आणि उठून आतल्या खोलीत गेली.

आप्पा ताठ बसले होते. इस्त्रीचा सदरा आणि गुळगुळीत दाढी. माई चहा देऊन त्यांच्या शेजारी टेकल्या.

‘‘तुम्ही माझ्या जावयाच्या बाजूने आलात. तरी विचारा,’’ आप्पा म्हणाले. ‘‘आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही.’’

‘‘तुमचा मूळ प्रोग्राम मी वाचला. अगदी स्वच्छ लिहिलाय.’’

आप्पांच्या चेहऱ्यावर रंग आला. कौतुकाला उपाशी असलेला माणूस कात्रीबाईंनी वर्गात हजारदा पाहिला होता. त्या आणखी जरा कौतुक वाढत गेल्या.

‘‘तुमची मुख्य फाइल प्रोग्रॅमिंगच्या भाषेची आवृत्ती बदलली तरी चालते. जावयाला एक अक्षर बदलावं लागलं नाही.’’

‘‘लागणार कसं? माणसं हल्ली कामापेक्षा मांडामांड जास्त करतात. याचं पॅकेज, त्याचं पॅकेज. माझं सगळं एका ठिकाणी होतं, नजरेसमोर.’’

‘‘पण तेव्हा उतरवलेल्या प्रतींचा त्रास असेल. फाइल पुसली तरी प्रत उरायची आणि जुनाच मजकूर चालत राहायचा.’’

‘‘अहो, फार त्रास! प्रत फाइलच्या अगदी शेजारी पडायची. फाइल पुसली की प्रतही आठवणीने पुसावी लागायची. आता बरं आहे, आता नाही पडत.’’

कात्रीबाईंनी कपातला उरलेला चहा संपवला.

‘‘कारभार जावयाकडे दिल्यापासून तुम्ही प्रोग्रामला हात लावला नाहीत, असं तुमच्या जबाबात आहे.’’

‘‘नाहीच लावला. कशाला लावू? माझी गरज कुणाला होती?’’

‘‘भाषेची नवी आवृत्ती त्यानंतर आली, आप्पा.’’

आतून ठकूचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

‘‘माई, तुम्ही जरा आत जाता का?’’ कात्रीबाई म्हणाल्या.

‘‘का जाऊ?’’ माई म्हणाल्या. ‘‘माझी मुलगी मेलीय. मी इथेच बसते.’’

६

‘‘मग ऐका,’’ कात्रीबाई म्हणाल्या. ‘‘शेजारी प्रत पडत नाही, हे खरं आहे. ती आता आतल्या उपफोल्डरमध्ये पडते. जावयाला ते ठाऊक आहे. त्याने खोटी फाइल ठेवली असती तर तो उपफोल्डर आधी रिकामा केला असता. धाकट्याला आणि फोरमनला प्रत म्हणजे काय तेच ठाऊक नाही, आणि दोघांपैकी कुणीही त्या वेळी कंप्युटरपाशी नव्हतं. ज्याने पुसली त्याला प्रतीची जुनी जागा माहीत होती आणि नवी नव्हती. त्याने शेजारी बघितलं, प्रत दिसली नाही, तेव्हा त्याला वाटलं आता ती पडतच नाही. तुम्ही आत्ता तेच म्हणालात. नव्या आवृत्तीत काही चालवून पाहिल्याशिवाय तुम्हाला ते कळलं कसं?’’

‘‘कुठेतरी वाचलं असेल.’’

‘‘वाचलं असतं तर बरोबर वाचलं असतं.’’

आप्पा नुसते हसल्यासारखे झाले. ‘‘याच्यावर तुम्ही मला फासावर देणार?’’

‘‘याच्यावर नाही. पहारा नावाची प्रत त्या उपफोल्डरमध्ये अजून आहे. शिवाय फोरमनने लाल बटण दाबलं होतं. पंजा लोंबत होता, आणि तुम्ही ऑफिसच्या दारातून तो बघितलात. मग कंप्युटरकडे कशाला धावलात?’’

माई नवऱ्याकडे वळल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

‘‘अहो, ती तेव्हा जिवंत होती ना?’’

‘‘माझ्या मनात तिच्याबद्दल काही नव्हतं,’’ आप्पा एकदम बोलायला लागले. ‘‘कुणाबद्दलच नव्हतं. तो दार उघडून दाखवणार, पंजा थांबणार नाही, पाहुणे हसतील, एवढंच. आत कुणी जात नाही त्या वेळी. कुणीसुद्धा नाही. तो बाहेर उभा राहून नुसतं दार ओढतो आणि माकडासारखा टाळ्या घेतो. एकदा फजिती झाली असती तर सगळे माझ्याकडे आले असते. आप्पा, तुम्हीच बघा, म्हणाले असते. मी फाइल पुसली असती आणि मशीन नीट झालं असतं. ती कशाला गेली आत? तिला कुणी सांगितलं होतं कचरा काढायला?’’

‘‘मी काय विचारतेय?’’ माई म्हणाल्या. ‘‘ती जिवंत होती. तुम्ही आधी तिच्याकडे गेलात की आधी तिकडे?’’

‘‘मला सुचत नव्हतं काही.’’

‘‘तिने हाक मारली होती,’’ कात्रीबाई म्हणाल्या. हे सांगायलाच हवं होतं असं नाही. कोर्टाला त्याचा उपयोगही नव्हता. पण कापायची सवय हातात होती. ‘‘आप्पा म्हणून. दोनदा.’’

माईंनी दोन्ही कान तळव्यांनी झाकले आणि त्या तशाच बसून राहिल्या.

‘‘आणि जावयाला तुरुंगात जाऊ दिलंत,’’ कात्रीबाई म्हणाल्या.

आप्पांची पाठ अजूनही ताठच होती. ‘‘तो निदान जिवंत आहे. त्याने माझी खोली आवरली नसती तर यातलं काही झालंच नसतं. कुणाला तरी आत जायचंच होतं. मी गेलो असतो तर ठकूला कुणी बघितलं असतं? ती माझ्याशिवाय जेवत नाही.’’

हे ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी पुढचं विचारलं, तेही मनापासून. ‘‘ती प्रत तुम्ही पुसू शकता ना? तुम्हाला येत असेल.’’

कात्रीबाई गुडघ्यावर हात दाबून उठल्या. दाराशी पोचल्या तेव्हा मागून माईंचा आवाज आला. ‘‘वकिलांना इथूनच फोन करा. फोन त्या टेबलावर आहे.’’

७

आप्पांनी कबुलीजबाब दिला. माईंचा जबाब लागलाच नाही, तरी त्यांनी तो दिला आणि त्यानंतर त्या घरात बोलेनाशा झाल्या. धाकट्याने बहिणीच्या नवऱ्याची माफी मागितली नाही. तुरुंगाच्या फाटकापाशी त्याची बॅग नेऊन ठेवली, तेवढंच.

सुटल्याच्या दिवशी जावई वकिलाच्या गाडीतून थेट सासरी गेला. कात्रीबाई सोबत होत्या. एरवी त्या निकालानंतर कुणाच्या घरी जात नसत. अंगावरचे कपडे त्याला सैल झाले होते. वाटेत गाडी थांबवून त्याने एक खडूंची मोठी पेटी घेतली होती.

ठकू माईंच्या पदराआड उभी होती. तो उंबऱ्याच्या बाहेरच गुडघ्यांवर बसला.

‘‘ठकू, बघ कोण आलंय.’’

पोरगी त्याच्या हातांकडे बघत होती, तोंडाकडे नाही.

‘‘तू आईला मारलंस,’’ ती म्हणाली. पाठ केलेली कविता म्हणावी इतक्या सहज.

‘‘नाही गं बाळा. मी नाही.’’

‘‘आप्पा म्हणाले. रोज झोपताना म्हणायचे. बाबा आला तर माझ्याकडे पळत ये, असं म्हणाले.’’

वकिलाने घसा साफ केला. ‘‘हळूहळू कळेल तिला. लहान आहे.’’ कात्रीबाईंकडे बहुधा सगळ्यांचं लक्ष होतं. आप्पांच्या एका वाक्यातली चूक पकडणारी ती बाई, हेही कसंतरी दुरुस्त करील म्हणून. त्यांनी तोंड उघडलं. लहान मुलाशी बोलायचं कसं, ते त्यांना आयुष्यात कधी लागलं नव्हतं. तोंड पुन्हा मिटलं.

जावयाने हात पुढे केले तशी ठकू किंचाळली. माईंनी तिला पुढे ढकललं. तोंडाने काही न बोलता, दोन्ही हातांनी. त्याने पोरीला उचललं. ती लाथा झाडत होती, त्याच्या खांद्याला चावत होती. खडूंची पेटी पायरीवर पडून उघडली.

‘‘आप्पा! मला आप्पांकडे जायचंय! आप्पा!’’

रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. तो तिला थोपटत गाडीपर्यंत आला, गाणं म्हणून पाहिलं, आईचं नाव घेऊन पाहिलं. ती ऐकत नव्हती. तिचा श्वास अडकायला लागला, ओठ निळे पडायला लागले. आता ही पोरही हातची जाते की काय असं वाटून तो घाबरला. शेवटी त्याने तिचं डोकं आपल्या गळ्याशी घट्ट धरलं.

‘‘नेतो,’’ तो म्हणाला. ‘‘रडू नकोस. नेतो तुला आप्पांकडे. रविवारी भेटता येतं तिथे.’’

ती हुंदके देत थांबली. ‘‘नक्की?’’

‘‘नक्की,’’ तो म्हणाला.